मागची तीन अक्षरं

ट्राउगोट क्नापच्या बापाला एकच शिवी यायची. गावात कुणी नवी गाडी आणली, कुणी घराला मजला चढवला, कुणाची बायको फरचा कोट घालून चर्चमध्ये आली, की म्हातारा खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बघायचा आणि म्हणायचा, "मिरवायची गरज पडली असेल बिचाऱ्याला!" झालं. त्या दिवसापासून तो माणूस म्हाताऱ्याच्या हिशेबी कायमचा बाद.

आमच्या होल्त्सलिंगेनमध्ये सगळे असेच. उल्मच्या वरच्या अंगाला या डोंगरपट्ट्यात आम्ही श्वाबी माणसं राहतो, आणि आमच्याकडे पैसा असणं हे पाप नाही, तो दिसणं हे पाप आहे. उपासाच्या दिवशी मांस खायचंच असेल तर ते पिठाच्या घडीत लपवावं, म्हणजे वरून देवाला दिसत नाही, असं आमच्या माउलटाशन नावाच्या सारण भरलेल्या पदार्थाबद्दल सांगतात. आता जी माणसं देवालाच गुंडाळतात, ती शेजाऱ्याला सोडतील होय?

त्यात क्नाप हे आडनावच असं, की आमच्या भाषेत त्याचा अर्थ तोकडं, जेमतेम, ओढून ताणून पुरवलेलं. माणूस आडनावाला जागला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला ते दाबून फिरवायचं झाकण असतं ना, जे लहान मुलांना उघडत नाही आणि म्हाताऱ्यांना तर मुळीच उघडत नाही, ते क्नापच्या कारखान्यात होतं. अर्ध्या युरोपचा खोकला क्नापच्या झाकणाखाली आहे म्हणा ना! एवढं असून हा गडी वर्षानुवर्षं एकच करडी, लांबुळकी डिझेल गाडी चालवत होता. तिच्या टपाचं आतलं कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागलं तेव्हा त्याने ते टाचण्या टोचून वर बसवलं. वळणावर एखादी टाचणी सुटून मानेत पडली की म्हणायचा, चालतंय.

पण माणसाच्या पोटात काय असतं कुणाला ठाऊक! क्नापच्या पोटात कूपे होती. बुटकी, रुंद, दोन दारांची, मागे उतरत जाणाऱ्या टपाची, पेडल दाबलं की पाठीचा कणा सीटला चिकटवणारी. गाड्यांचं मासिक तो कारखान्याच्या नावाने मागवायचा आणि संडासात बसून वाचायचा. महामार्गावर डाव्या बाजूने एखादी कूपे सणकन निघून गेली की हा उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे बसून नुसत्या आवाजावरून तिचं इंजिन ओळखायचा. मग घरी येऊन बायकोशी बटाट्यांवरून भांडायचा.

साठी उलटली तशी बायको, गेर्लिंडे, वैतागली. "घे बाबा ती गाडी एकदाची! निदान बटाटे तरी सुखाने खाऊ दे. पण एक सांगते ट्राउगोट, दिसता कामा नये."

"गाडी आहे गं. दिसणारच की."

"गाडी दिसू दे. कुठली ते दिसायला नको."

आता या गाडीची गंमत अशी होती, की एकाच सांगाड्यात कंपनी तीन इंजिनं देत असे. एक बारकं, चार सिलिंडरचं, वकिलांच्या बायकांना आवडणारं. एक मधलं. आणि एक राक्षस. बाहेरून तिन्ही गाड्या सख्ख्या बहिणी. फरक फक्त पाठीवर, नंबरप्लेटच्या वर चिकटवलेल्या तीन चकचकीत अक्षरांत. राक्षसाच्या पाठीवर असायचं टीकेएस. तेवढं वाचलं की मागची माणसं आपोआप दबून जायची.

"टीकेएसच पाहिजे," क्नाप शोरूममध्ये जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "पण अक्षरं नकोत. आणि रंग करडा."

विक्रेत्याला काही नवल वाटलं नाही. आमच्या भागात निम्मी गिऱ्हाइकं अशीच येतात, आणि त्यांच्यासाठी किमतीच्या पत्रकात वेगळी ओळच छापलेली आहे. "करून देतो की," तो म्हणाला. "अक्षरं वगळून. त्याचा जादा आकार नाही."

"जादा?" क्नापने चष्मा काढला. "अहो, तुम्ही मला तीन अक्षरं देत नाही आहात. कमी किती करताय ते बोला."

"कमी काही होत नाही. किंमत तीच."

"म्हणजे जे देत नाही त्याचेही पैसे घेता?"

यावर इतका वेळ घासाघीस चालली की शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एकाने गाडी पसंत करून सहीसुद्धा केली. शेवटी विक्रेत्याने तीन अक्षरांच्या बदल्यात पायाखालच्या रबरी चटया दिल्या, आणि क्नाप लढाई मारल्यासारखा घरी आला.

मार्चमध्ये गाडी आली. आणि खोटं कशाला बोला, त्या माणसाचं तिच्यावर खरोखर प्रेम बसलं. संध्याकाळी गॅरेजचं दार लावून तो नुसता तिच्यात जाऊन बसायचा. गावातून नेताना बटण दाबून इंजिनाचा आवाज मांजरासारखा करून ठेवायचा, शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची काळजी म्हणून. पण दोनदा त्याने तिला उल्मच्या खाली, मेमिंगेनच्या बाजूला महामार्गावर नेलं, जिथे वेगाला बंधन नाही, आणि मोकळं सोडलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने म्हणावं तर काचा बंद होत्या.

इथपर्यंत सगळं छान. मग एका रविवारी कूनो कॉफीला आला.

कूनो म्हणजे गेर्लिंडेचा भाऊ. स्वयंपाकघरं विकतो, म्हणजे कपाटं, ओटे, चिमण्या, आणि बोलतोही चिमणीसारखाच, सगळी वाफ वर. तो आला तोच मुळी क्नापच्या गाडीच्या सख्ख्या बहिणीत बसून, पण लालभडक. आणि पाठीवर काय? टीकेएस! मोठी, चकचकीत!

क्नाप खिडकीत उभा होता. त्याने कान टवकारले. मागे कर्कश नळकांडं बसवलेलं होतं, पण त्याच्या आड, कूनोने इंजिन बंद करता करता, जो आवाज त्याने ऐकला तो स्वच्छ चार सिलिंडरचा होता. बारकं! वकिलाच्या बायकोचं! आणि वर राक्षसाची अक्षरं, ऑनलाइन मागवून डिंकाने चिकटवलेली! क्नापचा जीव अगदी खालीवर झाला.

कूनो मात्र करड्या गाडीभोवती गंभीरपणे एक चक्कर मारून आत कॉफीच्या टेबलाशी आला. "ट्राउगोट, लेका, पाठ कोरी कशी रे?"

"नको म्हटलं अक्षरं."

कूनोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने ठेवला, तेच तर भयंकर! "अरे, आलं लक्षात. लाजायचं काय त्यात? बारकं तर बारकं. आपल्या वयाला पुरतं की."

क्नापने तोंड उघडलं. टेबलाखालून गेर्लिंडेचा बूट त्याच्या नडगीवर बसला.

"पुरतं," क्नाप म्हणाला, आणि त्या दिवशी केक त्याच्या घशाखाली उतरला नाही.

दर गुरुवारी हिर्श खानावळीत ठरलेल्या टेबलावर गावातली चार जाणती डोकी बसतात. तिथे विनफ्रीड हायले नावाचा खाटीक हा गाड्यांतला शेवटचा शब्द. क्नाप यायच्या आधी त्याने निकाल देऊन टाकला होता. "अक्षरं कोण काढून घेतो? ज्याच्याकडे दाखवण्यासारखी नसतात तो. मोठं इंजिन घ्यायचं आणि लपवायचं, एवढा पैसा कोण फुकट घालवेल? तोही क्नाप?"

"पण क्नाप कधी काही दाखवतच नाही," कुणीतरी शंका काढली.

"घालवतही नाही!" विनफ्रीड म्हणाला, आणि टेबलाने मान डोलावली.

क्नापला हे टेबलाच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकावं ना माणसाने, की बाबांनो, टीकेएस आहे! पण सांगायचं म्हणजे दाखवायचं, आणि दाखवायचं म्हणजे थडग्यातून बाप म्हणणार, गरज पडली असेल बिचाऱ्याला. म्हणून क्नापने आडून आडून सुरुवात केली. "पेट्रोल फार पिते हो ही," तो बिअरचा फेस फुंकत म्हणाला.

"पिणारच," विनफ्रीड म्हणाला. "बारक्या इंजिनाला ताणलं की ते पितं. जरा दमाने चालव."

"ब्रेक पण केवढे मोठे दिलेत. थाळ्या आहेत नुसत्या."

"बरं झालं. सुरक्षित."

आणि निघताना विनफ्रीडने क्नापच्या बिअरचे पैसे दिले! आमच्या होल्त्सलिंगेनमध्ये एकाने दुसऱ्याच्या बिअरचे पैसे देणं म्हणजे त्याच्या दारात मयताचं पुष्पचक्र पाठवणं. क्नाप घरी आला आणि गॅरेजमध्ये जाऊन त्या कोऱ्या पाठीकडे बघत बसला. गाडी घेतली तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्याला माहीत आहे तेवढं बस आहे. बस नव्हतं. कुणा एकाला तरी कळायला हवं होतं, एकाला तरी. नाहीतर त्याच्यात आणि कूनोत फरक काय राहिला? फरक राहिला तो कूनोच्याच फायद्याचा.

ईस्टर झाल्यावर कारखान्यात दरवर्षीची कामगारांची सभा भरली. दरवर्षी क्नाप तिथे उभा राहून रडगाणं गायचा: वर्ष कठीण आहे, माल महाग झालाय, ऑस्ट्रियाची गिऱ्हाइकं भाव पाडून मागतायत. दरवर्षी लोक त्या वेळात सँडविच खायचे. तीस वर्षांत त्या रडगाण्यावर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नव्हता, खुद्द क्नापनेही नाही.

या वर्षी मात्र कुणी खाल्लं नाही. सभागृह चिडीचूप. क्नाप स्वतःच गोंधळला आणि दोन ओळी गाळून खाली बसला.

मग साइगिनबाई उठल्या. कामगार मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे वडील तुर्कस्तानातून आमच्याकडच्या ओतशाळेत कामाला आले. बाई इथल्याच, आणि त्यांची श्वाबी बोली अशी ठसठशीत की क्नापची तिच्यापुढे शहरी वाटावी. मालकाशी त्या तीस वर्षं भांडत आल्या होत्या. खिडक्यांवरून भांडल्या, पंख्यांवरून भांडल्या, कॉफीच्या मशीनवरून तर असं भांडण झालं होतं की त्यानंतर महिनाभर दोघं फक्त चिठ्ठ्यांनी बोलत होते.

"मालक," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता, "दरवर्षी तुम्ही रडता आणि आम्ही म्हणतो, रडू दे. पण या वर्षी आम्ही डोळ्यांनी बघतोय. जन्मभर राबून एक हौस केलीत, आणि तीसुद्धा बारक्या इंजिनावर भागवलीत. अक्षरंसुद्धा काढून घेतलीत, कुणी वाचू नये म्हणून. आम्हाला वाईट वाटलं, खरंच सांगते. म्हणून आमचं आपसात ठरलंय. ऑस्ट्रियाचं काम अंगावर आहे, ते संपेपर्यंत शनिवारी आम्ही येऊ. सगळे. त्याचं आम्हाला काही नको."

आता आमच्याकडे शनिवार म्हणजे काय, ते सांगायला हवं का? शनिवारी माणूस अंगण झाडतो, कुंपणाची झुडपं कापतो, स्वतःच्या हाताने स्वतःच्या घरावर विटा चढवतो. श्वाबी माणसाकडून तुम्ही एक वेळ बायको मागून घ्याल, शनिवार मागू नका. आणि इथे अख्खा कारखाना आपण होऊन शनिवार देत होता!

क्नाप उभा राहिला. दोन शब्दांचं काम होतं: टीकेएस आहे. बस. ते शब्द जिभेवर आलेसुद्धा. जे सांगायला तो तडफडत होता, ते सांगायची याहून सरळ, याहून सज्जन संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती. पण त्याच क्षणी त्याच्या डोक्यात ऑस्ट्रियाची ऑर्डर आली, आणि इतके शनिवार, आणि तेही फुकट. बोलणारी जीभ एक होती आणि गिळणारा घसा वडिलोपार्जित होता.

"मी हे विसरणार नाही," क्नाप म्हणाला. डोळे तर खरेच भरून आले. लोकांनी आमच्या पद्धतीने मुठींनी टेबलं ठोकली.

आणि शनिवार सुरू झाले. आमच्या गावात घरासमोर गाडी धुवायला बंदी आहे, त्यामुळे धुवायची तर धुलाई केंद्रावर, आणि ते आहे नेमकं कारखान्याच्या समोर. शनिवारी क्नाप बादली आणि मऊ फडकी घेऊन तिथे जायचा, कारण गाडी शनिवारीच धुवायची असते, त्याला काय करणार! आत यंत्रं धडधडत असायची. खिडकीतून बायका म्हणायच्या, "बघा हो, बिचारा हाताने धुतोय. मशीनचे पैसेसुद्धा वाचवतोय." आणि हात हलवायच्या. क्नाप फेसाने भरलेला स्पंज हलवायचा. त्याला लाज वाटली का? वाटली हो, वाटली नाही असं नाही. गाडी पुसून कोरडी होईपर्यंत वाटायची.

जुलैत कारखान्याला पन्नास वर्षं झाली. झाकणांची खोकी बाजूला सारून हॉलमध्ये लांब टेबलं मांडली, बटाट्याचं सॅलड केलं, सॉसेज भाजले, आणि घरचा माणूस म्हणून कूनोलाही बोलावलं. तो लाल गाडी नेमकी करड्या गाडीला खेटून लावून आला. क्नापच्या हातात शॅम्पेनचा पेला होता, पण तो पीत नव्हता. उरली तर बाटलीत परत ओतता येईल असा विचार असावा.

जेवण झालं आणि साइगिनबाईंनी चमच्याने पेला वाजवला. "मालक, पन्नास वर्षांनिमित्त सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठी एक वस्तू घेतली आहे. फार मोठी नाही. पण तुमच्या मनातली आहे, असं आम्हाला वाटतं."

क्नापने खोकं घेतलं, कागद फाटू नये म्हणून चिकटपट्टी नखाने सोडवली, कागदाची घडी करून खिशात घातली, आणि झाकण उचललं.

आत निळ्या मखमलीवर तीन अक्षरं होती. टी. के. एस.

"नकली नाहीत हं!" बाई अभिमानाने म्हणाल्या. "कंपनीची खरी आहेत. इंजिन काही आम्हाला बदलून देता आलं नसतं. पण मागून दिसायला तरी मोठी दिसू दे! का म्हणून त्या... का म्हणून इतरांनीच मिरवावं?" आणि त्यांनी कूनोकडे असं बघितलं की कूनो सॉसेजमध्ये डोकावला.

सगळे आवारात निघाले. क्नापला कुणी विचारलंच नाही. बाईंनी गाडीची पाठ पुसली, कागदी पट्टी लावून रेघ आखली, तिला लेव्हल लावून बुडबुडा मधोमध आणला, केस वाळवायच्या यंत्राने पत्रा गरम केला, आणि एकेक अक्षर अंगठ्याने दाबून बसवलं. जिथे गाडीच्या कारखान्यात बसलं असतं तिथेच. केसभरही इकडे तिकडे नाही. टाळ्या पडल्या. एक म्हातारी पॅकिंगवाली तर डोळे पुसायला लागली.

क्नाप त्या अक्षरांकडे बघत होता. खऱ्या गाडीवर खरी अक्षरं, आणि आवारात उभा असलेला प्रत्येक माणूस त्यांना खोटी समजून टाळ्या वाजवत होता. याला काय म्हणावं?

तेवढ्यात कूनो जवळ सरकला. "शाब्बास, ट्राउगोट," तो कानात कुजबुजला. "आता झालास माझ्यातला. तुला म्हणून सांगतो, माझीही अशीच आहेत. ऑनलाइन मिळतात. कुणाच्या बापाला कळत नाही!"

झालं! तीस वर्षांच्या टाचण्या एकदम सुटल्या.

"खरी आहेत!" क्नाप ओरडला. इतक्या मोठ्याने तो आयुष्यात ओरडला नव्हता. "माझी गाडी टीकेएस आहे! सहा सिलिंडर! पहिल्या दिवसापासून!"

मग जे हसू फुटलं ते आवारभर. "वा मालक! असंच म्हणायचं आता!" लोकांनी टेबल नव्हतं म्हणून गाडीचा टप ठोकला. विस्तव झालेला क्नाप म्हणाला, "अहो, थट्टा नाही, कागद दाखवतो," तर आणखी हसले.

"हो हो, मालक," साइगिनबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "खरीच आहे. कोण नाही म्हणतंय?"

तो सूर! पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या पोराला आपण राजेसाहेब म्हणतो, तो सूर! क्नापने शेजारच्या सीटचं दार उघडलं. "बसा, बाई."

"आत्ता? केक कापायचाय की."

"बसा म्हणतो ना!"

बाईच का? कारण होल्त्सलिंगेनमध्ये साइगिनबाईंनी एक गोष्ट सांगितली की तिच्यावर पुन्हा कुणी प्रश्न काढत नाही. बाईंना कळलं की गावाला कळलं. एवढा हिशेब त्या भडकलेल्या डोक्यातही क्नापने बरोबर केला. त्यापुढचा मात्र त्याला सुचला नाही.

मेमिंगेनच्या बाजूला महामार्ग मोकळा होता. बंधन संपल्याची पाटी गेली, क्नापने मांजराचं बटण बंद केलं आणि पाय खाली दाबला.

साइगिनबाईंची पर्स मांडीवरून उडून मागे गेली. त्यांचं डोकं सीटला टेकलं ते टेकलंच. मागून असा आवाज उठला की तो कानांनी नव्हे, बरगड्यांनी ऐकावा. झाडं, पाट्या, ट्रक, सगळं पाठीमागे फेकलं जात होतं, आणि गाडी आपली रुळावरून जावी तशी, जमिनीला चिकटून, आणखी, अजून आणखी. समोरची, कूनोच्यासारखीच एक लाल कूपे आरशात बघून मुकाट्याने उजवीकडे झाली. क्नापचा चेहरा पोरासारखा उजळला होता. बाईंनी त्याला असा कधी बघितलेला नव्हता, पगार वाटतानाही नाही आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नातही नाही.

मग त्याने पाय उचलला. गाडी निवली.

"ही बारकी नाही," बाई शेवटी म्हणाल्या.

"नाही!" क्नाप म्हणाला. "मी काय सांगत होतो? नाही!"

"आधीपासून अशीच?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्यात मोठं इंजिन. ब्रेकसुद्धा वेगळे. मी फक्त अक्षरं काढून घेतली होती." तो हसत होता. छातीवरचा धोंडा उतरला होता त्याच्या. "त्या बदल्यात चटया घेतल्या. या बघा, पायाखाली."

बाईंनी पायाखाली बघितलं. चटया बघितल्या. मग समोर बघत म्हणाल्या, "साच्याच्या खात्यातला आपला लेन्झ. ईस्टरनंतर त्याच्या घराचं छप्पर व्हायचं होतं. शनिवारी मोकळा नाही, म्हणून प्लास्टिक टाकून ठेवलंय. मागच्या पावसात भिंत आत ढासळली."

क्नापचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं मे महिन्यात," बाई म्हणाल्या. "शनिवारी. मी पोचले तेव्हा खुर्च्या गोळा करत होते. आणि तुम्ही त्या दिवशी समोर गाडी धूत होता. मी हात हलवला होता तुम्हाला."

"साइगिनबाई, मी... मी मागितले नव्हते ते शनिवार. तुम्हीच..."

"नाही मागितले. ते पण सांगेन." त्यांनी मागे वाकून पर्स उचलली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "गाडी फिरवा. लोक अजून हॉलमध्येच आहेत. केक कापायचाय."

फिरायचा फाटा बराच पुढे होता. एवढ्या घोड्यांची गाडी, पण क्नापने ती उजव्या लेनला घेतली आणि एका दुधाच्या टँकरच्या मागे लावली, आणि टँकरच्याच चालीने निमूट चालवत राहिला. शनिवार गेले, हे त्याला कळलं होतं. मागचे शनिवारही आता परत द्यावे लागणार आणि हिर्शमध्ये यापुढे त्याच्या बिअरचे पैसे कुणी देणार नाही, उलट त्याच्याकडूनच सगळ्या टेबलाचे मागतील, हेही कळलं होतं. तो एकदा खाकरला. पुन्हा खाकरला.

"पण तुम्हाला कशी वाटली?" त्याने विचारलं. "गाडी?"

साइगिनबाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं. इतका वेळ बघितलं, की टँकरचे ब्रेक लागले तेव्हा त्यांनीच हाताने पुढे दाखवून त्याला सावध केलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "असली गाडी मी जन्मात बघितली नाही. ते पण सांगते सगळ्यांना."

क्नाप लाजला. देवाशपथ लाजला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"कूनो असेल ना हो अजून तिथे?" तो म्हणाला.